अमेरिका वेगळी निघाली त्याची गोष्ट

चार जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर न्यू जर्सीहून फटाक्यांचे व्हिडिओ सुरू होतात अन् इकडून काका लोक लगेच "त्यांनीही इंग्रजांना हाकललं, आपणही हाकललं" असं लिहून दोन झेंडे टाकून मोकळे होतात. ग्रुपवर कोण भांडत बसंल म्हणून मी गप्प राहतो, पण इथे लिहितो. भाऊ, त्यांनी इंग्रजांना हाकललं नाही, ते स्वतःच इंग्रज होते. धाकटा भाऊ लांबच्या वावरात राहायला गेला, दीडशे वर्षं आपलं आपण कमावलं, आणि एक दिवस थोरल्यानं कर्जातला हिस्सा मागितला तेव्हा म्हणाला की बैठकीत मला बोलावलं होतं का कधी? ही वाटणी आहे, आपल्यासारखा स्वातंत्र्यलढा नाही. आणि ते वावर ज्यांचं होतं ते तर या गोष्टीत कोणाला दिसतच नाहीत.

मी स्पर्धा परीक्षांच्या पोरांना इतिहास शिकवतो. बोस्टन टी पार्टी १७७३, जाहीरनामा १७७६, सगळं पाठ असतं त्यांना, पर्याय क्रमांक तीन. पण हे सगळं सुरू कुठून झालं विचारलं की शांतता.

सुरू झालं कंपनीतून. होय, आपल्यासारखंच. लंडनमधे १६०० साली ईस्ट इंडिया कंपनी निघाली तिचा पहिला गव्हर्नर सर थॉमस स्माइथ, आणि १६०६ मधे अमेरिकेसाठी जी व्हर्जिनिया कंपनी निघाली तिचा कारभारही १६०९ पासून याच माणसाच्या हातात. एकच शेठ, दोन दुकानं. शेअर विकायचे, जहाज पाठवायचं, नफा वाटायचा. १६०७ च्या मे महिन्यात शंभरावर पुरुष आणि पोरं जेम्सटाउनला उतरली, जागा दलदलीची, पाणी मचूळ, आणि उतरलेल्यांत शेती येणारे कमी, सोनं सापडंल म्हणून आलेले जास्त. आसपास पोव्हाटन या तिथल्या मूळच्या लोकांची गावं होती, मक्याची शेती होती, आधी देवाणघेवाण झाली मग भांडणं झाली. १६०९-१० च्या हिवाळ्यात तर पार वाट लागली, पाचशेच्या आसपास माणसं होती त्यातली वसंतापर्यंत साठेक उरली. घोडे खाल्ले, कुत्री खाल्ली, उंदीर खाल्ले, जोड्याचं चामडं उकळून खाल्लं. आणि माणसं खाल्ल्याचं जे जुन्या कागदांत लिहिलेलं होतं ते आधी बरेच लोक अतिशयोक्ती समजायचे, पण तिथल्या उत्खननात चौदा वर्षांच्या एका मुलीची कवटी सापडली, तिच्यावर सुरीचे घाव, आणि २०१३ मधे संशोधकांनी सांगून टाकलं की हे मांस काढल्याचेच घाव आहेत. फटाक्यांच्या व्हिडिओत हे नसतं.

त्यांना तारलं तंबाखूनं. जॉन रॉल्फनं वेस्ट इंडीजकडचं बी आणून लावलं, १६१४ च्या सुमारास माल लंडनला जायला लागला, आणि मग काय, रस्त्याच्या कडेलाही तंबाखू. तंबाखू आला म्हणजे मजूर पाहिजेत, जमीन पाहिजे. गरीब इंग्रज पोरं जहाजाच्या भाड्यापायी चार ते सात वर्षं राबायच्या करारावर यायची. आणि मग आलं १६१९, माझ्या मते त्या देशाची अख्खी कुंडली या एका वर्षात आहे. जुलैअखेर जेम्सटाउनच्या चर्चमधे वस्त्यांनी निवडलेले प्रतिनिधी पहिल्यांदा सभेला बसले, आणि ऑगस्टअखेर त्याच व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर एक जहाज लागलं, त्यातून पोर्तुगीज जहाजावरून लुटून आणलेली अंगोलाकडची वीसेक माणसं उतरवली आणि त्यांच्या बदल्यात खायचं सामान घेतलं. मत द्यायचा हक्क आणि माणूस विकत घेणं, मधे जेमतेम महिना.

उत्तरेकडची गोष्ट वेगळी. १६२० चं मेफ्लॉवर सगळ्यांना माहीत आहे, १०२ प्रवासी, त्यातले निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले, आणि ज्या रिकाम्या गावात त्यांनी मुक्काम केला ते रिकामं होतं कारण थोड्याच वर्षांआधी तिथली माणसं साथीत मेली होती. मला जास्त मजा वाटते ती १६३० वाल्यांची. मॅसॅच्युसेट्स बे कंपनीच्या सनदेत भागधारकांची सभा कुठे भरवायची हे लिहायचंच राहिलं होतं. मग जॉन विन्थ्रॉप आणि मंडळींनी काय केलं, सनदच पेटीत घालून जहाजावर चढवली आणि अमेरिकेत नेली! म्हणजे कंपनीची वार्षिक सभा हीच तिथली विधानसभा होऊन बसली. याला म्हणतात जुगाड.

इथेच फाटा फुटतो बघा. आपल्याकडे आलेल्या कंपनीचं हेड ऑफिस लंडनलाच राहिलं. साहेब इकडे यायचा, कमवायचा, ताप-हगवणीतून वाचला तर परत जाऊन तिकडे हवेली बांधायचा. तिकडे गेलेले राहायला गेले, तिथेच त्यांच्या पोरांची पोरं झाली, आणि प्रत्येक वसाहतीत एकेक सभा बसली. गव्हर्नर बहुतेक ठिकाणी राजाचा, पण त्याचा पगार मंजूर करणार ही सभा, त्यामुळे साहेब फार अकडला की पगार लटकवून ठेवायचे. लंडननंही दीडशे वर्षं फारसं लक्ष घातलं नाही. व्यापाराचे कायदे होते, १६५१ पासून होते, पण स्मगलिंग जोरात आणि वसुली ढिली. अशी सवय चार पिढ्यांना लागली की तिलाच हक्क म्हणतात.

मग फ्रान्सशी मोठं युद्ध झालं, १७६३ ला इंग्लंड जिंकलं, पण सरकारी कर्ज जवळपास दुप्पट झालं. आणि अमेरिकेत फौज ठेवायची तर खर्च कोण देणार? तर वसाहतवाले. त्यातच राजानं फर्मान काढलं की अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पलीकडे वस्ती करायची नाही, म्हणजे जमिनीवर डोळा ठेवून बसलेले सगळे नाराज, त्यात खुद्द वॉशिंग्टनसुद्धा होता. आणि १७६५ मधे आला स्टॅम्प अ‍ॅक्ट. वर्तमानपत्र, कोर्टाचा कागद, लायसन, कॉलेजची पदवी, एवढंच काय पत्त्यांचा कॅट, सगळ्यावर सरकारी शिक्का विकत घ्या. आपल्याकडे शंभरचा स्टॅम्प जाऊन पाचशेचा आला तेव्हा कोर्टाबाहेर वेंडरच्या टेबलासमोर लोकं काय काय बोलत होती ते ज्यांनी ऐकलं त्यांना बोस्टनचा मूड लगेच कळंल. फरक एवढाच की आपण शिव्या देऊन पाचशे काढून दिले, त्यांनी १४ ऑगस्ट १७६५ ला स्टॅम्प वाटायला नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला लटकवला, त्याचं ऑफिस म्हणून बांधलेली इमारत पाडली, आणि पुढे त्याला राजीनामा द्यायला लावला.

आता ही तारीख लक्षात ठेवा, कारण बरोबर दोन दिवस आधी, १२ ऑगस्ट १७६५ ला, शाह आलम बादशहानं बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी कंपनीला देऊन टाकली होती. तिकडे वीसेक लाखांच्या वसाहतींत शिक्क्याच्या करावरून आग लागली आणि पुढच्या वर्षी पार्लमेंटला कायदा मागे घ्यावा लागला. इकडे कोट्यवधी लोकांच्या जमिनीचा महसूल एका कंपनीच्या खिशात गेला आणि रयतेला कोणी विचारायचा प्रश्नच नव्हता. पोरांना मी या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून दाखवतो.

आणि या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. १७६९-७० ला बंगालात भयानक दुष्काळ पडला, माणसं लाखोंनी मेली, वसुली मात्र सुरूच. तरीही कंपनीचा हिशोब जुळंना, १७७२ पर्यंत ती सरकारच्या दारात कर्ज मागायला उभी. गोदामात चहाचा ढीग पडून. म्हणून १७७३ चा टी अ‍ॅक्ट: कंपनीनं चहा थेट अमेरिकेत विकावा, इंग्लंडातली जकात माफ, तिकडे फक्त पौंडाला तीन पेन्स कर. इथे पोरं हमखास फसतात, चहा महाग झाला म्हणून भडकले असं लिहितात. नाही ना बाप्पा, चहा स्वस्त झाला! स्वस्त झाला म्हणूनच डच चहा चोरून आणणारे व्यापारी बसले आणि बाकीच्यांना वाटलं की स्वस्ताईच्या लालचेनं आपल्याकडून कराचा हक्क कबूल करवून घेताहेत. १६ डिसेंबरच्या रात्री बोस्टनच्या बंदरात तीन जहाजांवर चढून ३४२ पेट्या फोडल्या आणि चहा समुद्रात ओतला. समुद्राला ओहोटी होती, पाणी इतकं कमी की चहाचे ढीग जहाजाच्या कडेला वर यायला लागले, पोरांना ते ढकलून पसरवावे लागले, आणि एक जण कोटाच्या अस्तरात चहा भरताना सापडला त्याला तिथेच चोप मिळाला. चहा चीनचा होता बरं का, आसामात तेव्हा मळे नव्हतेच.

पुढचं भराभर सांगतो, ते सगळीकडे मिळतं. लंडननं बोस्टन बंदर बंद केलं, मॅसॅच्युसेट्सच्या सभेचे हक्क कापले, त्यानं बाकीच्या वसाहती घाबरायच्या ऐवजी एक झाल्या. १९ एप्रिल १७७५ ला लेक्झिंग्टनला गोळी चालली आणि युद्ध सुरू झालं. १७७६ च्या जानेवारीत वेगळं व्हा म्हणणारी थॉमस पेनची पुस्तिका आली, तोवर बहुतेकांना इंग्रज म्हणूनच हक्क पाहिजे होते, वेगळा देश नको होता, आणि हा पेन स्वतः जेमतेम वर्षभराआधी इंग्लंडहून आलेला! २ जुलैला वेगळं व्हायचा ठराव, ४ जुलैला जाहीरनामा. १७७७ ला साराटोगाला इंग्रज फौज हरली, मग फ्रान्स मदतीला, १७८१ ला यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण, आणि शरणागतीच्या कार्यक्रमाला तो तब्येतीचं कारण सांगून आलाच नाही, खालच्या अधिकाऱ्याला पाठवलं. १७८३ ला पॅरिसचा तह.

याच वर्षांत इकडे कंपनी मराठ्यांशी लढत होती, १७७५ ते १७८२. जानेवारी १७७९ मधे वडगावला तिनं सपशेल मार खाल्ला. म्हणजे इंग्रज एकाच वेळी दोन्हीकडे अडकला होता, आणि पुण्याच्या नाना फडणविसांनी निजाम, हैदर आणि आमचे नागपूरकर भोसले अशी चौघांची मोट बांधली होती. मुधोजी भोसल्यांची फौज बंगालच्या दिशेनं निघालीही, कटकपाशी रेंगाळली, आणि वॉरन हेस्टिंग्जनं पैसे मोजून तिला परत वळवलं. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्याला हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते झालं. कॉर्नवॉलिसचं काय झालं? १७८६ मधे गव्हर्नर जनरल म्हणून इकडे बढती. टिपूचा अर्धा मुलूख घेतला, दोन पोरं ओलीस घेतली, बंगालात कायमधारा, म्हणजे कायमचा ठरवून टाकलेला शेतसारा, लावला. तिकडे हरलेला साहेब आपल्या पुस्तकात जिंकलेला म्हणून येतो.

स्वातंत्र्य मिळालं पण देश झाला नव्हता, हा भाग लोक विसरतात. तेरा राज्यं, वर नावापुरती काँग्रेस म्हणजे सगळ्यांची मिळून एक सभा, आणि गंमत म्हणजे तिला कर लावायचाच अधिकार नाही. आयातीवर पाच टक्के लावू का विचारलं तर एकट्या ऱ्होड आयलंडनं नाही म्हटलं आणि विषय संपला. सैनिकांचे पगार थकले. १७८६ ला मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेकडे शेतकरी उठले, डॅनियल शेज नावाचा युद्धातला कॅप्टन पुढे. कर्ज, रोखीत कर, कोर्टाची जप्ती. यवतमाळच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. त्यांनी कोर्टंच बंद पाडली, म्हणजे जप्तीचा हुकूमच निघणार नाही, आणि त्यांना मोडायला बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली. हे पाहून पैसेवाले हादरले आणि १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात ५५ जण दारं लावून बसले. कर लावणारं सरकार पाहिजे यावर एकमत व्हायला वेळ लागला नाही, भांडणं झाली ती मोजणीवर. गुलामांना मत नाही, पण प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची असा हिशोब घटनेतच बसवला. ३९ जणांनी सह्या केल्या. ऱ्होड आयलंडनं तर प्रतिनिधीच पाठवले नव्हते, ते १७९० मधे आत आलं, वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होऊन वर्ष उलटल्यावर, तेही ३४ विरुद्ध ३२ मतांनी.

त्याच उन्हाळ्यात तिकडे न्यूयॉर्कला जुन्या काँग्रेसनं ओहायो नदीपलीकडच्या मुलखाचा कायदा केला. कायदा खरंच हुशार आहे: नव्या भागात साठ हजार स्वतंत्र रहिवासी झाले की त्याला जुन्यांच्या बरोबरीचं राज्य म्हणून घ्यायचं, वसाहत म्हणून दाबून ठेवायचं नाही, आणि गुलामगिरी तिथे बंद. लंडननं जी चूक केली ती आपण करायची नाही हे त्यांना बरोबर समजलं होतं. त्याच कायद्यात हेही लिहिलं की मूळच्या लोकांशी कायम पूर्ण सचोटीनं वागू आणि त्यांच्या संमतीशिवाय जमीन घेणार नाही. १७९१ ला त्या लोकांनी अमेरिकेची फौज अक्षरशः कापून काढली, १७९४ ला हरले, आणि १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहात आजच्या ओहायोचा बहुतेक भाग देऊन बसले. बदल्यात वीस हजार डॉलरचा माल, आणि सगळ्या जमातींत मिळून दरसाल साडेनऊ हजार डॉलरचा माल. दत्तकाचं कारण काढून भोसल्यांचं राज्य खालसा झालं, दागिने कलकत्त्याला लिलावात गेले अन् घराण्याला पेन्शन सुरू झाली, हे ज्या नागपूरनं पाहिलं तिथल्या पोरांना तरी या तहाचा अर्थ सांगायला मला दोन वाक्यं पुरतात.