बडवानी ते गोरा: शूलपाणीच्या झाडीबद्दल जे कुणी सांगत नाही

नर्मदा परिक्रमेत दक्षिण तटावर, मध्य प्रदेशातल्या बडवानीपासून गुजरातेतल्या गोऱ्यापर्यंत, शूलपाणीची झाडी म्हणजे डोंगराळ जंगल लागतं. त्या झाडीत आम्हाला कुणी लुटलं नाही. लुटलं ते झाडीत शिरण्याआधी, बडवानी मागे पडल्यावर एका तिठ्यावर, गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या एका जीपवाल्याने. त्याने हात जोडून ‘नर्मदे हर’ केलं आणि सांगितलं की पुढची पायवाट जंगलखात्याने बंद केली आहे, दरड आली आहे, मातारामांना, म्हणजे परिक्रमेतल्या बायकांना, तर पुढे सोडतच नाहीत. माणशी बाराशे रुपये घेतले, वीसेक किलोमीटरवर एका पाड्यापाशी उतरवलं आणि ‘इथून पुढे चालता येतं’ म्हणून गाडी वळवली. पाड्यावरच्या बाईने सांगितलं, वाट कधी बंद नव्हतीच. त्याच सकाळी पुण्याकडचे परिक्रमावासी तिथून पायी गेले होते.

पैशांचं सोडा. पायी परिक्रमेचा संकल्प करून निघालेल्या आम्हा दोघींची वीस किलोमीटर त्याने खाल्ली, याचा राग मला आजही येतो. दुसऱ्या दिवशी बाजाराला निघालेल्या पिकअपमध्ये बसून आम्ही त्याच तिठ्यावर परत गेलो आणि ती वीस किलोमीटर चालून काढली. म्हणून छातीठोक सांगते: वाट चालू आहे. तिठ्यावर कुणी ‘बंद आहे’ म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मागच्या आश्रमात विचारा, शाळेतल्या मास्तरांना विचारा, डोक्यावर मोळी घेऊन समोरून येणाऱ्या बाईला विचारा. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला विचारू नका.

मी सहासष्ट वर्षांची, शेजारच्या वहिनी अडुसष्ट. दोघी इंदूरच्या, सुदामा नगरातल्या. देवउठनी एकादशी झाल्यावर ओंकारेश्वरी गोमुख घाटावर पूजा केली, बाटलीत नर्मदामैयाचं जल घेतलं, मैया उजव्या हाताला ठेवून दक्षिण तटाने निघालो. समुद्र ओलांडून उत्तर तटावर नारेश्वरपर्यंत आलो आणि तिथे खंड केला. पुढची परिक्रमा पुढच्या कार्तिकात. नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब, दोन्ही तट धरले की त्याच्या दुपटीहून जास्त. आमच्या वयाला एका हंगामात हट्ट धरायची गरज नाही. ज्यांना रोज पंधरा-वीस किलोमीटर पाठीवर ओझं घेऊन चालण्याचा सराव आहे त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे. तो सराव नसेल तर आधी तो करा, मग पुढचं वाचा.

ओंकारेश्वर ते बडवानी निमाड आहे, सपाट आहे, जेवणखाण आणि मुक्कामाला आसन कुठेही मिळतं. रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी आहे, २८ एप्रिल १७४० ला त्यांनी तिथे देह ठेवला. मराठी माणसाने तिथे डोकं टेकवल्याशिवाय पुढे जाऊ नये. बाकी त्या भागाबद्दल कुणी काही विचारू नये इतका तो सोपा आहे.

इंदूरहून निघताना प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली होती. सोनं काढून ठेवा, पैसे शिवून घ्या, झाडीत भिल्ल अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून घेतात. एका काळी तसं होत असे, आणि मैया परीक्षा पाहते म्हणून परिक्रमावासी ते सोसतही असत. आज त्या गोष्टी सांगून लोकांना घाबरवणं हा अन्याय आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात ज्यांची शेतं आणि घरं गेली, ज्यांना उठून डोंगरावर यावं लागलं, ते लोक दारातून जाणाऱ्याला हाक मारून बसवतात आणि मक्याची नाहीतर ज्वारीची भाकरी वाढतात. महाराष्ट्रातलं मणिबेली १९९३ मध्येच पाण्यात जायला लागलं. इतकं गमावलेली माणसं कमंडलूत पाणी भरून देतात तेव्हा आपण कसली भीती घेऊन आलो होतो याची लाज वाटते. मी तिथे रात्री गाढ झोपले. वहिनींच्या हातातल्या बांगड्या जशा होत्या तशा परत आल्या.

दुसरी फसवणूक जुन्या माहितीची. आमच्याकडे एका ओळखीच्या काकांनी लिहून दिलेली वही होती. गावांची नावं, मुक्काम, अंतरं, सगळं व्यवस्थित. त्यातली निम्मी वाट आता पाण्याखाली आहे. धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली, २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये सरोवर पहिल्यांदा काठोकाठ भरलं. बडवानीजवळचा राजघाट डुबीत गेला. मूळ शूलपाणेश्वराचं मंदिर तर कधीच बुडालं, आता देऊळ आहे ते गोऱ्याला. तेव्हा २०१९ च्या आधी गेलेल्याने ‘मैयाच्या काठाकाठाने जा’ म्हटलं तर मान डोलवा आणि विसरून जा. काठ राहिलेला नाही. वाट डोंगराच्या अंगावरून जाते, आणि प्रत्येक उपनदीच्या तोंडात पाणी आत घुसलेलं असल्यामुळे वळसा घालावा लागतो. काही ठिकाणी लोक डोंगीने पलीकडे सोडायला तयार असतात. आम्ही बसलो नाही. परिक्रमेत मैया ओलांडायची नसते; ते फुगून आत आलेलं पाणीही मैयाचंच आहे, ते ओलांडायचं नाही, असं आमचं दोघींचं मत होतं आणि आहे.

आता मुख्य गोष्ट, उतार.

चढाचं कौतुक सगळे सांगतात. बावनगजाच्या पुढे पाटी, बोकराटा, मग महाराष्ट्रात धडगावचा डोंगराळ मुलूख, काठी आणि मोलगी ही गावं. चढ आहेत, दम लागतो, थांबलं की दम परत येतो. उताराबद्दल एक अक्षर कुणी बोललं नव्हतं. गुजरातेत शूलपाणेश्वर अभयारण्यात माथासरहून झरवाणीकडे उतरणारी वाट ही या सबंध टप्प्यातली सगळ्यात वाईट जागा. सागाचं जंगल, थंडीत पानगळ. ताटाएवढी वाळलेली पानं, त्यांच्याखाली सुटे दगड, त्यांच्याखाली मुरूम. पाय ठेवला की पान दगडावरून सरकतं आणि दगड मुरमावरून. धरायला झाड असतं तिथे वाट बरी असते; वाट वाईट असते तिथे नेमकं झाड नसतं. पहिल्याच तासात माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. वहिनी तीन वेळा बसल्या. तिसऱ्यांदा बसल्या त्या आपणहून नव्हे. कोपर सोललं, काठी खाली ओघळात गेली. त्या उठल्या, पंजाबी ड्रेस झटकला आणि मला म्हणाल्या, ‘अहो, खाली दरीत बघू नका, पुढचं पाऊल बघा. झरवाणी काही पळून जात नाही.’

तिथे जे शिकले ते सांगते. प्रत्येकीला दोन काठ्या हव्यात. एका काठीने उतरायचं असेल तर दुसऱ्या वाटेने जा. काठी पायाच्या पुढे, खाली टेकवायची आणि मग वजन टाकायचं. बुटांच्या पुढे अंगठ्याला बोटभर जागा हवी, नाहीतर नखं काळी पडतात. माझ्या दोन्ही अंगठ्यांची पडली. उतार सकाळीच काढायचा, जेवणानंतर कधीही नाही. ओझं सहा किलोच्या वर असेल तर जास्तीचं धडगावला कुणाला तरी देऊन टाका. गुडघ्याचा पट्टा उतारावर घालायचा, चढावर काढायचा. आणि पुढे चालणाऱ्याने मागच्याकडे दगड जाऊ नये म्हणून नव्हे, तर मागच्याचा दगड आपल्या घोट्यावर येऊ नये म्हणून अंतर ठेवायचं.

पाण्याचं दुःख वेगळं. खाली समुद्रासारखं सरोवर पसरलेलं दिसतं आणि आपण वर कोरड्या घशाने चालतो आहोत. तिथपर्यंत उतरून परत चढणं आपल्याला शक्य नाही. प्रत्येकी दोन लिटर भरल्याशिवाय पाडा सोडू नका. हातपंप दिसला की भरा, पुढे मिळेल या आशेवर राहू नका. मोबाईलला डोंगरात बहुतेक ठिकाणी रेंज नाही, घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते इंदूरला बसून पोलिसांना फोन करणार नाहीत. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या संपूर्ण टप्प्याच्या आणि वर आठवडाभराच्या घ्या. धडगावला ग्रामीण रुग्णालय आहे, पण तुमची नेमकी गोळी तिथे मिळेलच असं धरून चालू नका. आश्रमांत नोंदीसाठी आधार लागतं, पाच-सहा झेरॉक्स ठेवा. सुटे पैसे ठेवा. पोरं ‘नर्मदे हर’ म्हणत धावत येतात, त्यांना पैसे देऊ नका, चॉकलेटही देऊ नका. द्यायचंच तर शाळेत वह्या-पेन्सिली द्या.

अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका. तिथल्या माणसाला डोंगर चढायचं कष्ट वाटत नाही, त्यामुळे तो मनापासून ‘जवळच’ म्हणतो. दुपारी जेवायला पोचू का, असं विचारा आणि त्याने हो म्हटलं की संध्याकाळ धरा.

दोघींनी चालायचं असेल तर आणखी एक. मी चढाला जलद, वहिनी सपाटीला. सुरुवातीला एकमेकींसाठी थांबण्यात दोघींचीही चाल मोडत होती, आणि एके सकाळी तर चहापर्यंत आम्ही बोललोही नाही. मग ठरवलं: आपापल्या चालीने चालायचं, पण वाट फुटेल तिथे पुढचीने थांबायचंच, कितीही वेळ लागला तरी. झाडीत मात्र एकमेकींच्या नजरेआड व्हायचं नाही. चालायचं थांबवण्याचा हक्क जी जास्त दमली आहे तिचा, त्यावर दुसरीने वाद घालायचा नाही. चाळीस वर्षांची ओळख असली तरी हे तोंडाने बोलून ठरवा.

आणि ज्यांचे गुडघे खरंच साथ देत नाहीत त्यांनी बडवानीहून खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, डेडियापाडा या सडकेने राजपीपळा गाठावं. मैया दूर राहते, पण ती उजव्या हातालाच राहते, परिक्रमा खंडत नाही. त्यात कमीपणा मानणाऱ्यांचं ऐकू नका. पण गुडघे शाबूत असतील तर झाडीतूनच जा. झरवाणीच्या ओढ्यात पाय सोडून बसल्यावर वहिनी रडल्या, मीही रडले, आणि तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, उद्या पुन्हा माथासरहून उतरायला तयार आहे.

गोऱ्याला शूलपाणेश्वराचं दर्शन घ्या. सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळा साधू बेटावर आहे. परिक्रमेत बेटावर जायचं नसतं, तो लांबूनच बघा. ओंकारेश्वराच्या मांधाता बेटाला जो नियम तोच इथे.

राजपीपळा ते अंकलेश्वर, हांसोट हा डांबरी रस्ता कंटाळवाणा आहे, ट्रक आहेत, धूर आहे. पहाटे चालायला लागा, उजेड नसताना पाठीवर चमकणारी पट्टी लावा. एवढंच त्याबद्दल.

समुद्राकाठच्या कठपोरहून पलीकडे उत्तर तटावर मीठी तलाईला नाव जाते ती फक्त भरतीला. आधी नोंदणी करून नंबर लागतो आणि भरती मध्यरात्री असेल तर मध्यरात्री उठावं लागतं. नावेत सावली नसते, आडोसा नसतो, तीन-चार तास बसून राहायचं असतं. बायकांनी आदल्या संध्याकाळपासून पाणी बेताने प्यावं आणि चढण्याआधी सगळं उरकून घ्यावं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. पैसे देण्याआधी रांगेतल्या चार जणांना विचारा त्यांनी किती दिले. रेवासागरात, म्हणजे मैया समुद्राला मिळते तिथे, बाटलीतलं निम्मं जल सोडून तिथलं भरून घ्यायचं असतं, म्हणून बाटली सॅकच्या तळाशी ठेवू नका. पलीकडे उतरताना चिखल असतो, बूट आधीच काढून गळ्यात अडकवा.

खंड करायचा असेल तर आम्हा इंदूरकरांनी तो उत्तर तटावरच करावा. इंदूर मैयाच्या उत्तरेला आहे. दक्षिण तटावर थांबलात तर घरी जाताना मैया ओलांडावी लागेल. नारेश्वरहून वडोदरा जवळ आहे, तिथून दाहोदवरून इंदूरला रेल्वे येते, नदी मध्ये येत नाही. पुढच्या खेपेला मालसर, चांदोद, गरुडेश्वर करत मंडलेश्वरला पोचू तेव्हा जलूदलाही थांबणार आहोत. १९७८ पासून आपल्या इंदूरच्या नळाला येणारं मैयाचं पाणी तिथूनच उचललं जातं. मध्ये उत्तर तटावर झाबुआ-अलीराजपूरचे डोंगर आहेत. तिकडच्या उतारांची कुणाला ताजी माहिती असेल, म्हणजे २०१९ नंतरची, तर कार्तिकाच्या आधी कळवा.