शून्यांनी सांगितलेली किल्ली

महाप्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात सायबर सुरक्षा टीमने आपसात सीटीएफ, म्हणजे लपवलेला गुप्त मजकूर (‘फ्लॅग’) शोधायची स्पर्धा, ठेवली होती. माझ्या वाट्याला आली एक एक्सई फाइल, म्हणजे विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम. नाव ‘बिल’, आयकॉन पीडीएफचा. हीच युक्ती खऱ्या ईमेलमधूनही होते, त्यामुळे फाइल सरावाची असली तरी मी ती नेट तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्येच (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या वेगळ्या कॉम्प्युटरमध्ये) उघडते.

स्ट्रिंग्ज, म्हणजे फाइलमधले अक्षरांचे तुकडे, काढले, वाचण्यासारखं काही नव्हतं. सेक्शनच्या (फाइलच्या भागांच्या) नावांवरून ती यूपीएक्स या प्रोग्रॅम आवळून लहान करणाऱ्या साधनाने पॅक केलेली दिसत होती, पण त्याची अनपॅक कमांड चालेना. हेडरमधली खूण कोणीतरी मुद्दाम बिघडवलेली. मग डीबगर, म्हणजे चालता प्रोग्रॅम हवा तिथे थांबवून पाहायचं साधन, लावला. प्रोग्रॅम कितीही आवळून बांधला तरी चालायचं तर त्याला मेमरीत उलगडावंच लागतं, आणि मला या कामात सगळ्यात आवडतं ते हेच. उलगडून झाल्यावर मूळ कोडकडे उडी मारतो तिथे त्याला थांबवलं, मेमरी डंप केली, म्हणजे फाइलमध्ये उतरवून घेतली, आणि प्रोग्रॅमचा कोड वाचता येईल असा करून दाखवणाऱ्या घिड्रात घातली. (अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०१९ मध्ये हे साधन मोफत खुलं केलं, त्याचे उपकार मोठे आहेत.)

आत डेटाचा एक मोठा तुकडा आणि तो एक्सॉरने (दोन बिट वेगळे असले तर १, सारखे असले तर ० देणाऱ्या क्रियेने) उलगडणारा लूप सापडला. डेटाशी परत परत एक्सॉर करायची बाइटची किल्ली मात्र एका सर्व्हरवरून यायची, आणि तो सर्व्हर बंद होता.

शेजारी बसलेली आमची ट्रेनी त्या तुकड्याचा हेक्स व्ह्यू (बाइट आकड्यांत दाखवणारी खिडकी) खाली सरकवत होती. एकदम म्हणाली, “मॅडम, इथे तेच ते सोळा बाइट परत परत का येतायत?”

मी खुर्ची तिच्याकडे ओढली. शून्याला किल्लीशी एक्सॉर केलं की उत्तर किल्लीच येते. आणि विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये शून्यं भरपूर असतात, कारण फाइलमधला प्रत्येक सेक्शन बहुधा ५१२ बाइटच्या पटीत बसवतात आणि उरलेली जागा शून्यांनी भरतात. म्हणजे लपवलेली वस्तू प्रोग्रॅमच असेल, तर किल्ली आमच्या डोळ्यांसमोर पडली होती. ५१२ ला सोळाने पूर्ण भाग जातो, त्यामुळे ती कुठून सुरू होते तेही जुळत होतं.

तिने पायथनमध्ये चार ओळी लिहिल्या. पहिली दोन अक्षरं आली एम आणि झेड! एक्सईचा हा साचा बसवणाऱ्या मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं, प्रत्येक एक्सईच्या तोंडाशी असतात. फ्लॅग त्या आतल्या प्रोग्रॅममध्ये साध्या मजकुरात होता. किल्ली तिला दिसली होती, म्हणून उत्तर तिच्याच नावाने जमा केलं.