सीताबर्डीच्या टेकडीवर आरमाराच्या गोष्टी

नागपूरला समुद्र कुठूनच जवळ नाही. मुंबई धरा की विशाखापट्टणम, गाडीत रात्र काढल्याशिवाय खारं पाणी दिसत नाही. तरी लढाऊ जहाजांच्या निमित्तानं नागपुरातच एक दिवस भटकायचं, ही कल्पना माझ्या मामांची. मामा नौदलातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी इंजिनरूममध्ये गेली. स्वतःची ओळख अजूनही 'स्टोकर' अशीच करून देतात. "किल्ल्यावर जहाज पाहाले जाऊन राहिलो," असं त्यांनी निघताना मामीला सांगितलं. मामी म्हणाली, "मे महिना लागला नाही तं उन्हानं डोक्शावर परिणाम झाला."

दिवस १ मे. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यानं एरवी आत जाता येत नाही. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी लोकांना सोडतात. आम्ही टेकडी गणपतीला हात जोडून सकाळीच वर चढलो. किल्ला म्हणजे रायगडसारखं काही मनात आणून जाऊ नका. दोन बुटक्या टेकड्या, तटबंदी, गर्द झाडी आणि खाली रेल्वे स्टेशनचा गलबला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज इथंच भिडले. भोसल्यांकडच्या अरबांनी लहान टेकडी घेतलीही होती, पण दुसऱ्या दिवशी लढाई इंग्रजांकडे झुकली. आजचा किल्ला त्यानंतर इंग्रजांनी बांधला.

मामांना मात्र लढाईपेक्षा तारखेत रस होता. "याच्या दीड महिना आधी मुंबईच्या गोदीत काय झालं, माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. १२ ऑक्टोबर १८१७ ला तिथं वाडिया मंडळींनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' नावाची फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराचं लढाऊ जहाज, पाण्यात उतरली. ब्रिटिश आरमारासाठी मलबारच्या सागवानातून बांधलेली. आज दोनशे वर्षांनंतरही ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. इकडे नागपूरकर भोसले टेकडीसाठी लढत होते आणि तिकडे आपल्याच लाकडाची, आपल्याच सुतारांनी बांधलेली लढाऊ नाव इंग्रजांच्या कामाला लागत होती.

सागवानाचं प्रकरण मामांनी बरंच लांबवलं, आणि मला ते आवडलं. इंग्लंडची जहाजं ओकची. इंग्रज ॲडमिरल नेल्सनच्या 'व्हिक्टरी'ला, जिच्यावर १०४ तोफा होत्या, काही हजार ओक लागले. नेपोलियनशी लढता लढता ओकचा तुटवडा पडला म्हणून मुंबईकडे नजर वळली. ओकमध्ये टॅनिक आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं. सागात तेल असतं, खिळा टिकतो, कीडही लवकर लागत नाही. पुढं १८६० साली 'वॉरियर' हे लोखंडी अंगाचं जहाज आलं तेव्हाही साग गेला नाही. साडेचार इंच लोखंडी पत्र्यामागं दीड फूट जाड सागवान बसवलं होतं, गोळ्याचा धक्का शोषायला. आलापल्ली-बल्लारशाच्या सागाचं कौतुक ऐकत वाढलेल्या आम्हा वैदर्भीयांना एवढं पुरे. मामा तर असे खूश, जणू तो साग त्यांनीच तोडून दिला.

एका सावलीत बसून मामांनी जमिनीवर काडीनं तोफगाडे काढले. मैदानी तोफेला दोन मोठी चाकं, कारण तिला बैलांनी ओढत न्यायचं असतं. जहाजावरच्या तोफेला चार बुटकी लाकडी चाकं, कारण तिला कुठं जायचंच नसतं. गोळा सुटला की तोफ मागं उसळते. जाड दोर तिला ठरावीक अंतरावर थांबवतो, आणि तेवढ्या जागेत खलाशी नळीच्या तोंडातून पुन्हा दारू-गोळा भरतात. मग कप्प्यांनी ओढून तिला परत खिडकीबाहेर काढायचं. सगळ्यात जड तोफा सगळ्यात खालच्या मजल्यावर, म्हणजे वजन तळाशी राहून जहाज कलंडत नाही. पण मग खिडक्या पाण्यालगत येतात. १५४५ साली इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ' वळताना कललं आणि उघड्या खिडक्यांतून पाणी शिरून बुडालं. "किल्ला वाकडा होत नाही," मामा म्हणाले, "जहाज होते. एवढाच फरक आहे, बाकी सगळं यातून निघते."

तिथून कस्तुरचंद पार्कपर्यंत चालत गेलो. काही वर्षांपूर्वी इथं खोदकामात जुन्या तोफा निघाल्या होत्या. आता बघायला काही नाही, नुसतं तापलेलं मैदान. पन्हं प्यायलो आणि झिरो माइलच्या घोड्यांच्या पुतळ्यांकडे निघालो.

वाटेत मी मामांना माझा जुना प्रश्न विचारला. नागपूरच्या भोसल्यांना समुद्र मिळाला होता की! रघुजीराजांनी १७५१ साली बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्याशी तह करून ओडिशा ताब्यात आणला. बालेश्वरचं बंदर, पुरी, चिल्का, सगळा किनारा नागपूरच्या छत्राखाली. अर्धशतकाहून जास्त काळ. मग लढाऊ गलबतं का नाही बांधली? मामा म्हणाले, "बांधणारे लोक लागते. ते कोकणात होते."

आणि कोकणातलं आरमार तर आपणच जाळू दिलं. कान्होजी आंग्र्यांच्या ताफ्यातल्या घुराब आणि गलबत या जोडीची रचना मला कायम विलक्षण वाटत आली आहे. घुराबचं बूड उथळ, त्यामुळे ती खाडीत शिरायची आणि मोठं इंग्रजी जहाज बाहेर ताटकळत राहायचं. पुढच्या नाळेवर मोठ्या तोफा रोखलेल्या. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं घुराबला ओढून शत्रूच्या मागच्या बाजूला न्यायची, जिथं त्याच्या तोफा पोचत नाहीत, आणि मग नेम शिडं-डोलकाठ्यांवर. जहाज लंगडं झालं की माणसं चढायची. मोठ्या जहाजाशी मोठं जहाज करून लढायचं नाही, हे कान्होजींना कळलं होतं. १७२९ साली ते गेले. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गावर वॉटसनचा ताफा आणि क्लाइव्हची फौज चालून गेली, तेव्हा पेशवे कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्या विरोधात इंग्रजांच्या बाजूनं उभे होते. एका जहाजावर गोळा पडून आग लागली, जहाजं एकमेकांना बांधलेली, एका दुपारीत आरमार खाक. पश्चिमेचं जाळलं आणि पूर्वेचं उभारलंच नाही. तुळाजीच्या कारवायांवर टीका करणारे बरोबर असतील, पण त्या दुपारचा सौदा मला आजही परवडलेला दिसत नाही.

१८०३ साली त्याची किंमत नागपूरलाच मोजावी लागली. एक इंग्रज फौज गंजामकडून किनाऱ्यानं चालत आली, दुसरी तुकडी बंगालहून समुद्रमार्गे बालेश्वरला उतरली. तिला पाण्यात अडवायला कोणीच नव्हतं. ऑक्टोबरात कटकचा बाराबाटी किल्ला पडला, आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहात किनारा कायमचा गेला. चौदा वर्षांनी लढाई थेट सीताबर्डीला आली.

दुपार टळल्यावर मेट्रोनं सुभाषनगर आणि तिथून अंबाझरी. तलावावर वारा होता, हाच काय तो दिलासा. नागपुरात एनसीसीचं नौदल युनिट आहे, हे बाहेरच्यांना सांगितलं की हसतात. पण मामांनी आयुष्यातलं पहिलं वल्हं याच पाण्यात मारलं. बोट पुलिंग, सेलिंग, झेंड्यांनी इशारे द्यायचे सेमाफोर, सगळं इथंच शिकले आणि समुद्र नंतर पाहिला. "वल्हं एका तालात पडलं पाहिजे बावा, नाही तं बोट गोल गोल फिरते." गलबतावर चाळीस-पन्नास वल्ही असत, तो ताल कसा धरत असतील, याचा विचार मी पहिल्यांदाच केला.

बोलता बोलता १९७१ निघालंच. ४ डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन क्षेपणास्त्र बोटी कराचीवर गेल्या. जेमतेम दोनशे टनांच्या, किनाऱ्याच्या राखणीसाठी बनवलेल्या. प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रं. सोबतीला 'किल्तान' आणि 'कच्छल'. त्यांनी 'खैबर' ही कितीतरी मोठी विनाशिका बुडवली. लहान बोट, मोठा घाव. मला त्यात आंग्र्यांची घुराब दिसते. मामांना तसं वाटत नाही. त्यांच्या मते क्षेपणास्त्रानं धैर्याचा हिशेबच बदलला, शत्रू डोळ्यांना दिसतच नाही. मग ते 'खुकरी' या आपल्या युद्धनौकेच्या विषयावर आले. ९ डिसेंबरला पाणबुडीच्या टॉर्पेडोनं ती बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. "इंजिनरूम पाण्याच्या पातळीखाली असते. आम्हाले शिडीपर्यंत जायलेच वेळ नसते." यावर मी काही बोललो नाही.

परतताना त्यांनीच विषय बदलला. ब्रह्मोस क्षेपणास्त्राचं एक केंद्र नागपूरजवळ आहे आणि त्याच्या बूस्टरचं देशी उत्पादनही इथल्याच एका कारखान्यात होतं. क्षेपणास्त्र जहाजावरून सुटतं तेव्हा आधी हा घन इंधनाचा बूस्टर त्याला ढकलतो. वेग आला की तो गळून पडतो आणि रॅमजेट हे मुख्य इंजिन पेटतं, कारण रॅमजेटला पेटायला आधीच वेगानं शिरणारी हवा लागते. मग आवाजाच्या जवळजवळ तिप्पट वेग. भोसल्यांनी गलबत बांधलं नाही, पण आता जहाजाच्या हत्याराचा हा भाग नागपुरातून जातो, हे मामांनी मला तीन चौकांपर्यंत ऐकवलं.

जायचं असेल तर ओळखपत्र, टोपी आणि भरपूर पाणी बरोबर घ्या. मे महिन्यात पर्याय असेल तर २६ जानेवारीच निवडा. आमचा पुढचा बेत समता एक्स्प्रेसनं विशाखापट्टणमचा ठरला आहे, तिथल्या किनाऱ्यावर ठेवलेली 'कुरसुरा' पाणबुडी आतून पाहायची. मामीही येते म्हणाली, फक्त एका अटीवर: इंजिनरूमपाशी मामांनी दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही. मामांनी अजून होकार दिलेला नाही.