पोट्टीला कुठं टाकू? गाड्यावरच्या प्रश्नाचं उत्तर

रविवारी सकाळी नागपूरच्या नंदनवन भागातल्या नेहमीच्या गाड्यावर पोहे खात होतो. तर्री वाढता वाढता काका थांबले, हात पुसून खिशातला मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला. पोरीला जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाच्या, फेरीत मिळालेली सीट होती.

"भाऊ, तुमी कंपनीत हाय, तुमीच सांगा. पोट्टीले व्हीएनआयटीत मेटलर्जी भेटून राह्यली. अन् सीईटीवर हिंगणा रोडच्या कॉलेजात कॉम्प्युटर भेटन म्हणतात. कुठं टाकू?"

गाड्यावरच्या चौघांनी चार मतं दिली. एक जण म्हणाला, नावात काय आहे, हुशार पोरगी कुठंही पुढे जाईल. हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलोय. मला ते पटत नाही, या पोरीच्या बाबतीत तर मुळीच नाही.

मी २००४ साली शहराबाहेरच्या एका खासगी कॉलेजातून इंजिनिअर झालो. बाबा गिरणी कामगार, नात्यागोत्यात कुणी ऑफिसची पायरी चढलेलं नाही. बारावीला माझ्या बाकावर बसणारा मित्र व्हीआरसीईला गेला. २००२ मध्ये त्या कॉलेजचं एनआयटी झालं, तेच आजचं व्हीएनआयटी, पण जुने नागपूरकर अजून व्हीआरसीईच म्हणतात. आम्हा दोघांत बारावीला सहा मार्कांचा फरक होता. फायनलची परीक्षा व्हायच्या आधीच त्याच्या हातात नोकरी होती.

मी सीताबर्डीच्या एका सायबर कॅफेत बसून पुण्याच्या एका कंपनीचा फॉर्म भरत होतो. कॉलेज निवडायला यादी होती. वरून खाली गेलो, परत वर आलो, आमचं कॉलेज त्यात नव्हतं. सगळ्यात शेवटी 'इतर' असं लिहिलेलं होतं. तेच निवडलं. त्या कंपनीचं पत्र कधी आलं नाही. आज जिथे आहे तिथे मी पोचलो, पण पाच वर्षं उशिरा, आणि त्या पाच वर्षांत बाबा रात्रपाळीची वॉचमनकी करत होते. हे मी विसरू शकत नाही.

आता मी टेबलाच्या पलीकडे बसतो. मागच्या वर्षी सहा जागांसाठी नऊशेच्या वर अर्ज आले. बघणारे आम्ही दोघं, हातात एक संध्याकाळ. एक्सेलमध्ये कॉलेजच्या नावाचा फिल्टर मी स्वतः लावला. घरी येताना तो सायबर कॅफे आठवला आणि रात्री झोप आली नाही. यंदा भांडून सगळ्यांची लेखी परीक्षा घ्यायला लावली. पण प्रत्येक ऑफिसात असं भांडणारा असेलच असं नाही.

नावानं काही होत नाही म्हणणारे अमेरिकेतल्या एका अभ्यासाचा दाखला देतात. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी तो २००२ मध्ये छापला. बड्या विद्यापीठात प्रवेश मिळत असूनही जे दुसरीकडे शिकले, त्यांची पुढची कमाई सरासरीनं तेवढीच निघाली. लोक इथवर सांगतात आणि थांबतात. त्याच अभ्यासात पुढे आहे की गरीब घरच्या मुलांना मात्र बड्या कॉलेजाचा फायदा झाला. हे वाचलं तेव्हा मला आमचा वर्ग आठवला. आमच्याच वर्गात एकाच्या वडिलांचा एमआयडीसीत कारखाना होता. तेच मास्तर, तीच लॅब, पण त्याचं काही अडलं नाही. त्याला लागतील ते सगळे फोन नंबर त्याच्या बाबांच्या डायरीत होते. पोह्यांच्या गाड्यावर अशी डायरी नसते. ती हॉस्टेलात, सिनिअर्सकडून मिळते.

म्हणून मी काकांना सांगितलं, व्हीएनआयटी. फीची काळजी कमी आहे. घरचं उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत असेल तर एनआयटीत शिक्षण शुल्क पूर्ण माफ, ५ लाखांपर्यंत दोन-तृतीयांश माफ. मेटलर्जीला, म्हणजे धातूंच्या इंजिनिअरिंगला, लोक उगाच नाकं मुरडतात. मँगनीज काढणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचं मुख्यालय आपल्याच गावात आहे, वाडीला ॲल्युमिनियमचं संशोधन केंद्र आहे. सॉफ्टवेअरच्या काही कंपन्या सगळ्या शाखांच्या पोरांना कॅम्पस मुलाखतीला बसू देत नाहीत, हेही सांगितलं. लपवून काय उपयोग?

पण पोरीला कुणी विचारलंच नव्हतं. ती मागे कांदा चिरत होती. "तुले काय वाटते?" म्हटलं. ती म्हणाली, "मेटलर्जी चालते मले, पण कॉम्प्युटर भेटलं तं अजून चांगलं." मग तिला 'स्लाइड' निवडायला सांगितलं. म्हणजे कॉलेज हातचं जात नाही, आणि पुढच्या फेरीत तिथेच तिनं पसंतीक्रमात वर भरलेल्या शाखेत जागा रिकामी झाली तर ती मिळते. तिनं ओल्या हातानंच मोबाइल घेतला आणि शेवटची तारीख पुन्हा पाहिली.

"तिथं शिकलेलं कोणी ओळखीचं हाय का काका?" तिनं मला विचारलं.

मी बाकावरच्या त्या मित्राला फोन लावला आणि तिच्या हातात दिला.