हॉस्पिटलचा बायोमेडिकल कचरा: कागदांपेक्षा ट्रॉली सांभाळा (माझा अनुभव)

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी काढणं हा या कामातला सोपा भाग. बायोमेडिकल, म्हणजे उपचार-तपासणीतून निघणाऱ्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे फॉर्म २ हा अर्ज भरायचा, सामायिक प्रक्रिया केंद्राशी (अनेक हॉस्पिटलांचा कचरा नेऊन विल्हेवाट लावणारं केंद्र) केलेला करार जोडायचा. ७५ किलोमीटरच्या आत असं केंद्र असेल तर स्वतःची यंत्रणा उभारताच येत नाही, त्यामुळे तिथे फार डोकं चालवायला जागा नाही. खाटा नसलेल्या दवाखान्याला ही परवानगी एकदाच घ्यावी लागते. आमच्यासारख्या खाटा असलेल्यांना नूतनीकरण चुकत नाही.

खरी परीक्षा ड्रेसिंग ट्रॉलीपाशी. एक इंजेक्शन दिलं की कचरा पाच ठिकाणी जातो: वेष्टन साध्या कचऱ्यात, बोळा पिवळ्या पिशवीत, सिरिंज लाल पिशवीत, सुई पांढऱ्या डब्यात, काचेचं अँप्यूल निळ्या खोक्यात. यातलं एक भांडं जरी ट्रॉलीवर नसलं तर सिस्टर हाताशी असलेल्या पिशवीत टाकणारच, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पिवळ्यातला कचरा जाळतात, लाल पिशवीतलं प्लास्टिक निर्जंतुक करून, तुकडे करून पुनर्वापराला जातं. म्हणून सलाईनचा सेट किंवा हातमोजे पिवळ्यात गेले की भट्टीतून विषारी वायू निघण्याची भीती. भरलेली पिशवी उपसून पुन्हा वेगळं करायला मामा-मावशींना (सफाई कर्मचाऱ्यांना) कधीही सांगू नये; सुई टोचते ती तिथेच.

सुईला टोपण परत लावायचं नाही. हब कटरने (सुई कापायच्या छोट्या यंत्राने) बुडाशी कापली की सिरिंजही निकामी होते. पांढरा डबा पाऊण भरला की बंद.

लॅबमधले रक्ताचे नमुने, कल्चर प्लेट (जंतू वाढवायच्या बशा) आधी निर्जंतुक करूनच पिवळ्यात टाकायच्या. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, ६० मिनिटं. हायपोक्लोराइट, म्हणजे जंतू मारायचं द्रावण, १ ते २ टक्के हवं. कॅनवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक लिटरला चार लिटर पाणी घातल्यावर १ टक्का होतं. बरेच जण पाच लिटर घालतात. शिवाय उघड्या कॅनमधल्या द्रावणाची ताकद हळूहळू जाते, म्हणून द्रावण रोज ताजं करा.

पिशवीवर बारकोड लावून, वजन करून, रजिस्टरात नोंद झाल्यावरच ती केंद्राच्या गाडीत चढवायची. आपला काटा नसेल तर केंद्राचा माणूस सांगेल तो आकडा मानावा लागतो. जोडून सुट्ट्या आल्या की गाडी चुकते, आणि पिवळ्यातला शरीराचे अवयव, रक्ताने भिजलेले बोळे असा कचरा ४८ तासांपुढे ठेवता येत नाही. अशा वेळी फोनवर वाद घालत बसू नये. मंडळाला कारणासह लेखी कळवून पोच फाइलला लावावी.

फॉर्म ४, म्हणजे मागच्या कॅलेंडर वर्षाचा अहवाल, ३० जूनपर्यंत जातो. त्यात रंगानुसार किलो लागतात. दर महिन्याला बेरीज करून केंद्राच्या पावत्यांशी ताळा घातला असेल तर तासाभराचं काम आहे. नोंदी पाच वर्षं जपायच्या, सुई टोचल्याच्या फॉर्म १ सकट.