स्टिरर बारला चिकटलेली काळी पावडर

कानाच्या मशीनचा सेल बघितलाय कधी? माझ्या आजीच्या सेलवर केशरी स्टिकर असायचा, तो काढला की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि मिनिटभरात सेल चालू. आत जस्त, ऑक्सिजन हवेतला फुकटचा, म्हणून एवढुशा सेलमध्ये इतका दम. पण संपला की कचऱ्यात! तो परत परत चार्ज व्हावा याच भानगडीत माझी पीएचडीची चौथी दिवाळी आली.

घोळ सगळा हवेच्या बाजूला आहे. सेल वापरताना ऑक्सिजनचा हायड्रॉक्साइड व्हायला हवा आणि चार्ज करताना बरोबर उलटं, आणि दोन्ही क्रिया महा आळशी, त्यांना ढकलायला उत्प्रेरक लागतो, म्हणजे स्वतः न संपता क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ. पहिलीला प्लॅटिनम भारी, दुसरीला रुथेनियम नाहीतर इरिडियम ऑक्साइड, पण भाव विचारायची सोय नाही. म्हणून आम्ही लोखंड-निकेलच्या मिश्रधातूचे नॅनोकण बनवतो, नायट्रोजन घातलेल्या कार्बनमध्ये गुंडाळलेले. निकेलशेजारी लोखंड बसलं की इलेक्ट्रॉनची वाटणी बदलते, ऑक्सिजन फार घट्टही धरला जात नाही आणि लगेच सुटतही नाही.

लिहायला सोपं आहे हो. लोखंड-निकेलचे क्षार आणि कार्बन-नायट्रोजनवालं काहीतरी एकत्र करून ट्यूब फर्नेसमध्ये आर्गॉनखाली 800 डिग्रीला भाजायचं, काळी पावडर मिळते. मागच्या महिन्यात ट्यूबचं सील लीक होतं ते मला कळलंच नाही, सकाळी उघडलं तर बोटीत, म्हणजे भाजायच्या छोट्या लांबट भांड्यात, विटकरी भुकटी, कार्बन सगळा जळून गेलेला आणि धातूचा गंज झालेला, आठवडा पाण्यात. पुढची बॅच मस्त काळी आली तर ती धुताना अर्धी मॅग्नेटिक स्टिररच्या बारलाच, म्हणजे ढवळायच्या चुंबकाच्या कांडीलाच, जाऊन चिकटली, कारण कण स्वतःच चुंबकाला ओढले जाणारे! म्हणजे मिश्रधातू झालाय याचा पुरावा म्हणून खुश व्हायला गेले, तर गाइड म्हणाले अगं नुसतं लोखंड पण चिकटतं, एक्सआरडी कर आधी, म्हणजे क्ष-किरण टाकून आतली स्फटिकरचना बघ.

एक्सआरडी ठीक आली. आता सेल लावलाय, 10 मिनिटं चार्ज 10 मिनिटं डिस्चार्ज, असं रात्रंदिवस. देताना 1.2 व्होल्ट, घेताना जवळपास 2, म्हणजे घातलेल्या ऊर्जेतली साठ टक्केच परत. वर चार्जच्या वेळी कार्बन स्वतःच थोडा थोडा खाल्ला जातो, हवेतला कार्बन डायऑक्साइड सेलमधल्या कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात कार्बोनेट करून भोकं बुजवतो, आणि जस्ताला सुया फुटतात ते वेगळंच रडगाणं, ते लॅबमधल्या दुसऱ्या मुलाकडे.

उद्या सकाळी जाऊन आधी आलेखातली चार्जच्या व्होल्टेजची रेषा बघणार. 2 व्होल्टच्या वर सरकली असेल तर परत फर्नेस, यावेळी सील दोनदा तपासून.