पंप फिरत होता, फोन नाही म्हणत होता

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात वाहनांच्या विद्युत भागांचे टेस्ट बेंच, म्हणजे ते भाग तपासायची मेजे, तयार होतात. गेल्या वर्षी एका ग्राहकाने आपल्या विद्युत मालवाहू गाडीची निदानव्यवस्था नव्याने बांधून मागितली आणि ते काम माझ्याकडे आले. गाडीत लिनक्सवर चालणारा एक मध्यवर्ती संगणक बसला होता. बॅटरी, मोटर आणि कूलिंग पंप यांचे जुने ईसीयू, म्हणजे त्या त्या भागाला चालवणारे छोटे संगणक, मात्र त्याच्यामागे कॅन बसवर (त्यांना जोडणाऱ्या दोन तारांच्या जाळ्यावर) जसेच्या तसे राहिले होते.

तोवर आमचा सारा व्यवहार गाडीला स्कॅनर जोडायच्या सोळा पिनांच्या सॉकेटशी असे. संवाद होत नसेल तर वीजपुरवठा तोडून ६ आणि १४ या पिनांमध्ये मल्टीमीटर धरायचा, ६० ओहमच्या आसपास आकडा आला की बसच्या दोन्ही टोकांचे रोध शाबूत आहेत असे समजायचे आणि मग यूडीएस या ईसीयूशी बोलायच्या ठरलेल्या भाषेतल्या सेवा क्रमांक १९ ने फॉल्ट कोड वाचायचे. अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचे झालेले हे सॉकेट मुळात धुरावर नजर ठेवण्यासाठी होते. आमच्या या गाडीला धूरच नाही, तरी मेकॅनिकचा हात सवयीने तिथेच जातो. पण लिनक्सवरचा एखादा प्रोग्राम बंद पडला, तर त्याचे कारण तीन बाइटच्या कोडात मावत नाही. त्यासाठी लॉग आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती पाहावी लागते. म्हणून ग्राहकाने एसओव्हीडी ही पद्धत निवडली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मानकानुसार गाडीला वेबसाइटसारखा एचटीटीपीवरून प्रश्न विचारायचा आणि उत्तर जेसन या मजकुराच्या साच्यात घ्यायचे.

जुन्या ईसीयूंना यातले काहीच कळत नसल्यामुळे मध्ये एक अडॅप्टर लिहावा लागला. वरून आलेली विनंती यूडीएसमध्ये बदलणे फारसे अवघड गेले नाही. अवघड गेले ते ईसीयूच्या बाइटचा अर्थ सांगणारे ओडीएक्स वर्णन दुरुस्त करणे. मार्चमध्ये पहिल्यांदा बॅटरीचे तापमान ६८ अंश दिसले, तेव्हा आम्ही हात लावून पाहिला, तर पेटी जेमतेम कोमट होती. ईसीयू कच्चा आकडा ६८ पाठवत होता, त्यातून ४० वजा करून २८ अंश वाचायचे होते, आणि ती वजाबाकी वर्णनातून गळली होती. जुन्या स्कॅनरच्या प्रोग्राममध्ये ती कुणीतरी थेट कोडमध्ये लिहून ठेवल्याने इतकी वर्षे कुणाला जाणवले नव्हते. असे आकडे शोधण्यातच माझे दोन महिने गेले.

खरी फजिती पंपाच्या चाचणीत झाली. सेवा क्रमांक ३१ ने ही चाचणी सुरू केली की ईसीयू १२ सेकंद घेई आणि तोवर ‘थांबा, उत्तर येत आहे’ या अर्थाचा हेक्स ७८ पाठवत राही. अडॅप्टर ते समजून थांबत होता, पण गाडीला प्रश्न विचारणारे फोनवरचे ॲप ५ सेकंदांनी चाचणी फसल्याचे दाखवी. चाचणी पुन्हा दाबली की ईसीयू आधीच गुंतलेला असल्याने नकार येई आणि नोंदीत ‘पंप निकामी’ असे उमटे. त्या नोंदीवर विसंबून एक चांगला पंप उतरवलाही गेला. बेंचवर तो पुन्हा जोडल्यावर आमचे ज्येष्ठ फिटर त्यावर कान लावून म्हणाले, “साहेब, पंप तर फिरायलाय की. फोनच खोटं बोलायलाय.”

ही चूक माझी होती. वेळ घेणाऱ्या कामासाठी मानकात वेगळी सोय आहे: विनंती स्वीकारल्याचे तत्काळ कळवायचे, त्या कामाचा पत्ता द्यायचा आणि ॲपने तिथे जाऊन स्थिती विचारत राहायची. घाई करून मी ती बाजूला ठेवली होती. ती अमलात आणली आणि सोबत लॉकही लावला, कारण पूर्वी एका सॉकेटला एकच स्कॅनर लागे, आता मात्र फोन आणि संगणक एकाच वेळी त्याच ईसीयूला हुकूम सोडू शकत होते. त्यानंतरच्या ४० चाचण्यांत पंपाची एकही खोटी नोंद आली नाही.

चार्जरचे काम अजून बाकी आहे. त्याच्या पुरवठादाराने वर्णनाची फाइल दिलेली नाही, त्यामुळे त्याचे फॉल्ट नव्या व्यवस्थेतही नुसत्या आकड्यांत दिसतात, आणि त्यांचा अर्थ लावायचा असेल तेव्हा आमचे फिटर भिंतीवर चिकटवलेला छापील तक्ता वाचून दाखवतात.